जर्मन सोनेरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतका झगमगाटावर जीव टाकणारा आणि खऱ्या सोन्याला नाक मुरडणारा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. जिल्ह्याबाहेर कुणी झाला असेल तर मला माहीत नाही. पण तसा तो झाला असता, तर त्याने छापलेली एखादी पत्रिका आमच्या मामंजींनी कुठून तरी पैदा केली असती, उन्हात तिरपी धरून पाहिली असती आणि "कागद बरा आहे, पण जीव नाही त्यात" असा शेरा मारून आम्हाला दाखवली असतीच. मामंजी हे खरं म्हणजे विमलचे, माझ्या बहिणीचे. सासऱ्यांना मामंजी म्हणायची तेव्हा पद्धत होती. पण ती म्हणते म्हणून मी म्हणू लागलो, मी म्हणतो म्हणून आमच्या कल्याणच्या घरातले सगळे म्हणू लागले, आणि एकदा तर आमचे अण्णा, म्हणजे साक्षात त्यांचे व्याही, बोलण्याच्या भरात "अहो मामंजी" म्हणून बसले. त्यावर मामंजी म्हणाले, "असू द्या अण्णासाहेब. तुमचाही सासरा व्हायला माझी हरकत नाही, फक्त पत्रिका मी छापणार."

नौपाड्यात, स्टेशनकडून येणारा रस्ता सोडून आत वळलं की एका लांबट खोलीत त्यांचा छापखाना होता. पायाने चालवायची दोन ट्रेडल मशिनं, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेट्या, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. दुसरे छापखानेवाले हँडबिलं छापत, पावतीपुस्तकं छापत, परीक्षेचे पेपर छापत. मामंजीही छापत, पण तोंड वाकडं करून. त्यांचा खरा जीव सोनेरी-चंदेरी कामात. सोनेरी छपाई त्या काळी हाताने व्हायची. मजकूर आधी चिकट वार्निशने छापायचा, तो ओला असतानाच कापसाच्या बोळ्याने त्यावर सोनेरी भुकटी फिरवायची, आणि वाळल्यावर जादा भुकटी झटकून टाकायची. ही झटकलेली भुकटी जाते कुठे, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मामंजी. ती त्यांच्या भिवयांत असे, कानांच्या पाळ्यांवर असे, धोतराच्या निऱ्यांत असे. लग्नानंतर विमल पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, "दादा, आमच्याकडे वरणावरचा तवंगसुद्धा सोनेरी असतो." एकदा थोडा ताप आला म्हणून ते गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर नवे होते. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, चेहरा गंभीर केला आणि कावीळ सांगितली. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. मामंजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून रुमाल काढून तोंड खसखसून पुसलं आणि विचारलं, "आता?" डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "आता नाही." मामंजी पुढे कित्येक दिवस लोकांना सांगत होते, "इतका गुणी डॉक्टर मी पाहिला नाही. रुमालाने कावीळ उतरवतो."

सोन्याविषयी मात्र त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. "सोनं काय करतं? पेटीत पडून राहतं, आणि बाहेर निघालं की भावाभावांत भांडणं लावतं. माझा कागद घरोघर जातो, लोकांना जेवायला बोलावतो." त्यामुळे विमलच्या लग्नाची बोलणी ज्या झपाट्याने झाली, तशी आमच्या नात्यात कुणाचीच झाली नव्हती. अण्णा देण्याघेण्याचा कागद तयार करून, घसा साफ करून बसले होते. मामंजींनी तो कागद उलटा करून त्याची पाठ बोटांनी चाचपली, "हलका आहे हो" म्हणाले आणि बाजूला ठेवला. "हुंडा नको, सोनं नको. एकच अट आहे. दोन्हीकडच्या पत्रिका मी छापणार आणि त्यात तुम्ही बोलायचं नाही." अण्णांनी आनंदाने मान डोलावली. कशाला डोलावली ते पत्रिका आल्यावर कळलं. चंदेरी कागदावर सोनेरी अक्षरं! वस्तू म्हणून ती अपूर्व होती. घरात आणल्याबरोबर समोरच्या भिंतीवर तिचा कवडसा पडला. फक्त ती वाचता येत नव्हती. सरळ धरली की आपलंच तोंड दिसायचं, तिरपी धरली की अर्धी ओळ चमकायची आणि उरलेली अर्धी विझायची. भिवंडीचे आमचे एक चुलते तारीख चुकून आदल्या दिवशीच सहकुटुंब हजर झाले, आणि एक मावसभाऊ लग्न ठाण्याला असताना कल्याणला आमच्या कुलूपबंद घरासमोर पेढ्यांचा पुडा घेऊन दोन तास उभा होता. माझी आत्या त्या पत्रिकेत पाहून कुंकू लावायची. मामंजींना हे सांगितलं तर म्हणाले, "बघा! कुठल्या पत्रिकेचा असा रोज उपयोग होतो?"

या माणसाला रस्त्यात चकाकणारं काही दिसलं की पाय पुढे टाकता येत नसे. वाण्याकडे चहाची खोकी रिकामी झाली की आतला चंदेरी पत्रा-कागद त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असायचा. तो ते घरी आणायचे, पाटावर पसरायचे आणि एका गुळगुळीत गारगोटीने घोटत बसायचे. सुरकुती राहिली तर त्यांना जेवण जात नसे. तंबाखूचे ते कट्टर वैरी होते. मुलगा वसंता, म्हणजे विमलचा नवरा, मित्राच्या सिगारेटचा नुसता वास घेऊन आला तरी घरात खटला उभा राही. पण पाकिटातल्या चांदीच्या कागदापुढे त्यांची तत्त्वं ढिली पडत. तलावपाळीवर फिरताना कुणी सिगारेट ओढताना दिसला की ते थांबत आणि त्याला दहा मिनिटं फुप्फुसांविषयी ऐकवत. शेवटी हात पुढे करून म्हणत, "ऐकणार नसाल तर निदान पाकीट मला द्या." मी कल्याणच्या शाळेत मराठी शिकवत होतो, त्यामुळे त्यांनी मला परस्पर छापखान्याचा प्रूफ-तपासनीस नेमून टाकलं. रविवारी सकाळी मी नौपाड्याला जायचं, विमलच्या हातचे पोहे खायचे आणि प्रुफं बघायची.

छापखान्यात त्यांचा एकच विरोधक होता. त्यांचा कंपोझिटर नारकर. मालवणकडचा, काटकुळा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. खिळे जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि काळी शाई, पांढरा कागद यापलीकडे जगात काही असू नये असं त्याचं ठाम मत होतं. "मालक, अक्षर वाचायचा असता, चाटायचा नसता," असं तो दिवसातून एकदा तरी म्हणे. मामंजी म्हणत, "नारकर, तुझ्या डोळ्यांना संस्कार नाहीत." मग दोघेही आपापल्या कामाला लागत. सगळ्यात मोठं भांडण एका तेराव्याच्या पत्रावरून झालं. एक गृहस्थ वडिलांच्या तेराव्याचं पत्र छापायला आले होते. मामंजींनी विचारलं, "वय काय होतं?" ते म्हणाले, "ब्याण्णव." "आजार?" "काही नाही. जेवले आणि झोपले." "मग काळी किनार कसली लावता? असं मरण मिळालेल्या माणसाला चंदेरी!" नारकरने खिळ्यांची पेटी आपटून निषेध केला, पण गृहस्थ भिडस्त होते, त्यांना नाही म्हणता आलं नाही. परिणाम असा झाला की निम्मे लोक नारळ आणि हार घेऊन आले, आणि एकाने तर दारातच "उत्सवमूर्ती कुठे आहेत?" असं विचारलं. नंतर ते गृहस्थ भेटले तेव्हा मला वाटलं आता भांडणार. पण ते म्हणाले, "खरं सांगू? वडिलांना आवडलं असतं."

असं सगळं मजेत चाललेलं असताना वसंता गेला. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. ताप आला, विषमज्वर निघाला, आणि एकविसाव्या दिवशी सगळं संपलं. मामंजींची पत्नी तर वसंता शाळेत असतानाच गेलेली. म्हणजे त्या मागच्या दोन खोल्यांत आता पासष्टीचे सासरे आणि तेवीस वर्षांची सून, एवढीच माणसं राहिली. अण्णा विमलला कल्याणला आणायला गेले. ती नाही आली. म्हणाली, "मी आले तर यांना जेवायला कोण घालील?" मामंजी म्हणाले, "हिला न्या अण्णासाहेब, मी खानावळीत जेवेन." आणि ती म्हणाली, "बघितलंत? आत्ताच खानावळीचं बोलतायत." अण्णा एकटेच परत आले.

त्यानंतर मामंजींनी भुकटीचा डबा उघडला नाही. मी रविवारी जायचो तेव्हा त्यांच्या भिवया नुसत्या पांढऱ्या दिसायच्या, आणि तेच बघवत नसे. गिऱ्हाइकाने सोनेरी काम आणलं तर ते समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या छापखान्याकडे बोट दाखवत. नारकर सलग चार महिने काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर काम करत होता, म्हणजे त्याच्या मनासारखं राज्य आलं होतं. एके दिवशी तोच मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "मास्तर, मालकांका सांगा, एखादा सोनेरी काम घेवा. हेंच्या बरोबर भांडाक मिळना नाय, तर माझा पण लक्ष लागना नाय."

विमलला घरात बसवेना, म्हणून ती छापखान्यात येऊन बसू लागली. आधी गिऱ्हाइकांचे निरोप घ्यायची, मग प्रुफं बघू लागली, आणि सहा महिन्यांत तिने मला त्या कामावरून काढून टाकलं. तिला माझ्यापेक्षा जास्त चुका सापडत. याच सुमारास दातार नावाचे एक गृहस्थ छापखान्यात आले. शहाडच्या एका कारखान्यात केमिस्ट, राहायला डोंबिवलीला वडिलांबरोबर, वय तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. डोंबिवलीच्या वाचनालयासाठी त्यांना एक आठ पानी पुस्तिका छापायची होती. पिण्याचं पाणी स्वच्छ कसं ठेवावं, असा विषय. पहिलं प्रूफ त्यांनी पाहिलं. त्यात विमलने त्यांचीच एक चूक काढून ठेवली होती. तुरटीचं प्रमाण एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरं होतं. दातार लाजले, दुरुस्ती करून घेऊन गेले आणि चार दिवसांनी एक स्वल्पविराम हलवायला परत आले. मग तो स्वल्पविराम पुन्हा होता तिथे ठेवायला आले.

मामंजी कोपऱ्यात बसून हे पाहत होते. एका रविवारी मला म्हणाले, "मास्तर, आठ पानांच्या पुस्तिकेचं प्रूफ माणूस किती वेळा बघतो?"

"दोनदा. फार तर तीनदा."

"हा गृहस्थ नऊ वेळा आलाय. आता त्या पुस्तिकेतलं पाणी इतकं स्वच्छ झालंय की त्यात काही उरलेलंच नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. "आणि विमल तो यायच्या दिवशी दहा मिनिटं आधी समोरचं टेबल आवरते," ते म्हणाले. "तिला ते माहीत नाही. मला माहीत आहे."

दुसऱ्याच दिवशी ते धुतलेला कोट घालून शहाडला गेले आणि कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. हे मला पुढे दातारांनीच सांगितलं. पाळी सुटल्यावर दातार बाहेर आले, तो समोर मामंजी. त्यांना वाटलं पुस्तिकेत काही घोटाळा झाला. फाटकासमोरच्या टपरीत मामंजींनी दोन चहा मागवले आणि सरळ विचारलं, "तुम्हाला पुस्तिका छापायची आहे, की माझ्या सुनेशी लग्न करायचं आहे?"

दातारांचा चहा बशीत सांडला. त्यांनी तो पुसला, चष्मा पुसला, आणि मग म्हणाले, "दोन्ही."

"छान. पुस्तिका मंगळवारी तयार होईल. दुसऱ्या कामाचं मला तिला विचारावं लागेल. ती नाही म्हणाली, तर तुम्ही पुस्तिका टपालाने मागवायची, स्वतः यायचं नाही. कबूल?"

"कबूल," दातार म्हणाले.

विमलला त्यांनी त्याच संध्याकाळी विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मला सांगितलं, "दादा, ते माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसले. म्हणाले, मी विचारतोय, सांगत नाही. तू नाही म्हणालीस तर या घरात हा विषय पुन्हा निघणार नाही, आणि हो म्हणालीस तर माझं काय होईल हा विचार तू करायचा नाहीस, तो मी केलेला आहे." ती तांदूळ निवडत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजींपुढे चहा ठेवताना म्हणाली, "माझी एक अट आहे. या वेळची पत्रिका वाचता आली पाहिजे." मामंजींनी कप खाली ठेवला, उठून छापखान्यात गेले आणि मशीनच्या आड उभं राहून बराच वेळ नाक शिंकरत राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, "सर्दी झालीय."

खरी लढाई पुढे होती, आणि ती आमच्याच घरातून झाली. अण्णा वाईट माणूस नव्हते. लेकीचं पुन्हा बरं होतंय याचा त्यांना आनंदच झाला होता. पण तो आनंद त्यांना दार लावून करायचा होता. ते माझ्याबरोबर नौपाड्याला आले आणि म्हणाले, "लग्न होऊ द्या. पण चार माणसांत, सकाळच्या वेळी उरकून टाकू. पत्रिका वगैरे नकोत. अजून माझी एक मुलगी लग्नाची आहे. लोकांच्या तोंडाला कशाला विषय द्यायचा?"

मामंजी आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांवर चिडले. "उरकून टाकायला हे काय तेरावं आहे? आपण कुणाचं काही चोरलंय? अण्णासाहेब, माझ्या वसंताच्या लग्नात तीनशे पत्रिका काढल्या. हिचं तेव्हाचं लग्न लग्न होतं आणि आत्ताचं नाही, असं मी छापील स्वरूपात कबूल करू?"

"कबूल करू नका, पण गप्प राहा. गप्प राहायला काय जातं?"

"माझं काही जात नाही. तिचं जातं. उद्यापासून ती त्या डोंबिवलीत रस्त्याच्या कडेकडेने चालेल." मग जरा आवाज उतरवून ते म्हणाले, "मी ती छापणार. तुमचं नाव घालायचं नसेल तर घालणार नाही. बोलावणारा मी एकटा."

मग ते आतल्या खोलीत गेले आणि पलंगाखालून एक चपटी पत्र्याची पेटी ओढून घेऊन आले. इतकी वर्षं मी त्या घरात जात होतो, पण ती पेटी मी पाहिलेली नव्हती. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक गठ्ठा. मामंजींनी हात धुतले, पुसले आणि लुगडं उलगडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईच्या एका कागदवाल्याकडे आलेला जर्मन सोनेरी कागद होता तो. लढाईत येणं बंद झालं, आणि मागाहून परदेशी माल आणायला परवानगी मिळेना. मी त्यांचे सोनेरी कागद खूप पाहिले होते, पण हे काही वेगळंच होतं. त्यात कवडसे नव्हते. दिवेलागणीला देवघरातली समई दिसते, तसा मंद, आतून आल्यासारखा उजेड होता. अण्णांनी नकळत हात पुढे केला, आणि मामंजींनी तो हळूच मागे सारला. "हात धुऊन या," ते म्हणाले. अण्णा निमूटपणे मोरीवर गेले. वाद तिथेच निम्मा संपला.

पत्रिका जुळवायला नारकर उभा राहिला तेव्हा मी तिथेच होतो. मामंजी मजकूर सांगत होते आणि तो खिळे लावत होता. शाई कुठली, यावर भांडण होईल असं मला वाटलं होतं. पण मामंजी आपण होऊन म्हणाले, "काळी. ठळक. लांबून वाचता आली पाहिजे." नारकरने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं; इतक्या वर्षांचा विजय असा अचानक पदरात पडल्यावर काय करायचं ते त्याला कळेना.

"लाव. 'आमची सून'..."

नारकरने लावलं.

"'चि. सौ. कां. विमल हिचा शुभविवाह'..."

नारकरचा हात थांबला. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हे लग्नाच्या मुलीचं बिरूद. विधवेच्या नावामागे गंगाभागीरथीचं 'गं. भा.' लावायचं, हे तीस वर्षं पत्रिका आणि पत्रं जुळवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मालक, 'आमची सून' आणि 'चि. सौ. कां.' एका वळीत बसना नाय."

"का? खिळे कमी पडतायत?"

"खिळे आसत."

"मग बसतं," मामंजी म्हणाले. "लाव."

नारकरने एकेक खिळा उचलला आणि लावला. ओळ पूर्ण झाल्यावर त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बसला." विमल पलीकडे टेबलाशी होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली पेन्सिल एका जागीच गोल गोल फिरत होती.

शेवटी अण्णांचंही नाव पत्रिकेवर आलं. त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं, तेही मामंजींना नव्हे, नारकरला: "खाली जागा असेल तर माझं एक नाव बसवा." मामंजी कोट घालून प्रत्येक घरी स्वतः पत्रिका द्यायला गेले. नौपाड्यात, तलावपाळीला, टेंभी नाक्याला, कल्याणला. काही घरांत त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. एका घरातल्या आजीबाईंनी पत्रिका दारातच वाचली, खरं तर ती वाचता येत होती हाच घोटाळा झाला, आणि म्हणाल्या, "शोभतं का हो हे तुम्हाला, या वयात?" मामंजी म्हणाले, "लग्न माझं नाही, आजी. नीट वाचा."

लग्नाला निम्मी बाकं रिकामी राहिली. मामंजींनी ती रिकामी बाकं पाहिली आणि वाढप्यांना सांगितलं, "आलेल्यांना दुप्पट वाढा." कन्यादानाच्या वेळी भटजींनी अण्णांना बोलावलं. अण्णा पाटावर बसले, मग वळून मामंजींकडे पाहिलं आणि जरा सरकून पाटावर जागा केली. दोन म्हातारे एका पाटावर मावत नव्हते, तरी बसले.

त्या वर्षी गणपतीत एक गंमत झाली. लग्नाला न आलेल्या घरांपैकी एका घरी मी आरतीला गेलो होतो. पाहतो तर मखराच्या मागच्या बाजूला मधोमध, कात्रीने कमानीसारखी कापून, आमची पत्रिका लावलेली. तो कागद टाकून देण्याची कुणाची छाती झाली नव्हती. समईचा उजेड तिच्यावर पडला होता आणि गणपतीच्या उजव्या कानामागे अगदी स्वच्छ वाचता येत होतं, "आमची सून चि. सौ. कां. विमल". सगळं घर हात जोडून तिच्याकडे तोंड करून उभं होतं. मी हे मामंजींना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की नारकरला पाणी आणावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "जर्मन माल आहे, मास्तर."

विमल डोंबिवलीला गेल्यावर मामंजी त्या दोन खोल्यांत एकटे राहिले. आपण त्या घरी कुठल्या नात्याने जायचं, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून पहिला महिनाभर ते गेलेच नाहीत. मग एका रविवारी दातारांचे वडील स्वतः नौपाड्याला आले. करारी, सोवळं पाळणारे गृहस्थ. या लग्नाला त्यांनी होकार दिला होता, पण हसून नव्हे. छापखान्याच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "माझ्या सुनेला दर रविवारी गाडीच्या वेळेला खिडकीत उभी राहायची सवय लागली आहे. त्याने पोळ्या करपतात. तेव्हा तुम्ही यायला लागा." त्यानंतर मामंजींचा एकही रविवार चुकला नाही. दुपारी दोघे म्हातारे ओट्यावर बसत, एक गीतेवर बोले आणि एक कागदावर, आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याचं ऐकत नसे. आतून विमलने "मामंजी" अशी हाक मारली की दोघेही "काय गं?" म्हणत.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात मामंजी गेले. फार हाल न होता, दोन दिवसांच्या आजाराने. सगळं आटोपून आम्ही डोंबिवलीला दातारांकडे आलो. विमल अंगणातल्या दगडावर बसली होती. मला म्हणाली, "दादा, तू मराठीचा मास्तर आहेस. मी यांची कोण? सुतक किती दिवसांचं धरायचं?"

सून असती तर दहा दिवस. लग्न झालेली मुलगी असती तर तीन. आणि दुसऱ्या घरी दिलेली सून असेल, तर तिच्यासाठी कुठल्याच शास्त्रात काही लिहिलेलं नाही. भटजींना विचारलं, त्यांनी पंचांग चाळलं आणि "तसं पाहिलं तर काहीच नाही" असं पुटपुटले.

दातारांचे वडील ओट्यावर एकटेच बसले होते. त्यांनी ते ऐकलं. काठी टेकत उठले, देवघराकडे गेले, देवांवर कापड घातलं आणि दार ओढून घेतलं.

"या घरात दहा दिवस," ते म्हणाले. मग पुन्हा ओट्यावर जाऊन बसले, शेजारी थोडी जागा ठेवून.